राख चाळणाऱ्या आईला थांबवू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकजवळ तुमचं बैठं घर होतं. पाच आठवड्यांपूर्वी रात्री अडीचच्या सुमाराला फ्रिजच्या मागून आग लागली. तू, आई, बाबा आणि दहा वर्षांचा भाऊ अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलात. कुणाला इजा झाली नाही, पण घरात काही राहिलं नाही. सध्या मामांकडे राहता. आई रोज सकाळी जळक्या घरात जाऊन बसते, राख उकरते आणि संध्याकाळी काळ्या हातांनी परत येते. बाबा बोलत नाहीत. भाऊ रात्री तीन-चारदा उठून मामीच्या गॅसचा रेग्युलेटर बंद आहे का ते बघतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘जीव वाचले हे काय कमी आहे?’ पुढच्या आठवड्यात जागा साफ करायला मामांनी जेसीबी सांगितला आहे. आणि तू विचारतेस, आईला कसं थांबवू?

आईला थांबवू नकोस. थांबवायचंच असेल तर जेसीबी थांबव. मामांशी आजच बोल आणि निदान तीन आठवडे तो पुढे ढकल. का, ते सविस्तर सांगतो. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरी बोलतोय.

मी ३५ वर्षं एका महापालिकेच्या अग्निशमन दलात काढली. १९८८ ला फायरमन म्हणून लागलो, २०२३ ला स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. आगीच्या फोनला आम्ही वर्दी म्हणतो. वर्दी आली की बंब निघतो, आणि घराची आग असेल तर आमचं काम बहुतेक वेळा दोन-चार तासांत आटोपतं. ज्वाळा गेल्या की कूलिंग करायचं, कुठं धुमसत नाही ना ते बघायचं, होज म्हणजे पाण्याचे पाइप गुंडाळायचे, वहीत नोंद करायची. आमची गाडी वळली की त्या घरातल्या माणसांचं काम सुरू होतं. हे कळायला मला नोकरीची अकरा वर्षं लागली.

१९९९ च्या उन्हाळ्यात एका चाळीतली खोली विझवली होती. तिथं राहणाऱ्या आजी जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘साहेब, पाच मिनिटं आत जाऊ द्या.’ छत लोंबत होतं, त्यामुळं त्यांना अडवणं भागच होतं. पण मी वर म्हणालो, ‘आजी, आत काही उरलेलं नाही.’ दुसऱ्या दिवशी सकाळी डंपर आला आणि दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. चार दिवसांनी अहवालाच्या कामासाठी मी परत गेलो, तर आजी कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपाशी काठीनं काहीतरी उकरत होत्या. मला ओळखलं. म्हणाल्या, ‘आमच्या ह्यांची दाढीची वाटी होती, पितळेची. पितळ जळत नाही ना हो?’

पितळ वितळायला नऊशे अंशांच्या पुढे जावं लागतं. त्या खोलीत मोरीच्या बाजूला भिंतीचा चुना जागच्या जागी होता, म्हणजे तिथं तेवढी धग पोचलीच नव्हती. वाटी होती. ती डंपरमधून गेली. मी ‘काही उरलेलं नाही’ म्हणालो नसतो, ‘उद्या उजेडी येऊन दोघं मिळून बघू’ म्हणालो असतो, तर ती आजींच्या हातात पडली असती. त्यानंतर मी साप्ताहिक सुट्टीला जळलेल्या घरांत परत जायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं, ड्यूटीचा भाग नव्हता. तुला सांगतोय ते सगळं तिथं शिकलो. थोडं त्याच्याही आधीचं आहे.

आमचं स्वतःचं घर १९७६ ला, शिमग्याच्या आधी दहा-बारा दिवस जळालं. संगमेश्वर तालुक्यातलं कौलारू घर, मी अकरा वर्षांचा. त्या वर्षी गोठ्याचं छप्पर गळत होतं म्हणून वडिलांनी पेंढा घरातल्या माळ्यावर रचला होता, चुलीच्या बरोब्बर वर. दुपारचा वारा, चुलीतली ठिणगी. वाडीतली माणसं विहिरीपासून घरापर्यंत रांग लावून कळश्या पुढं देत होती. गुरं सुटली, माणसं सुटली, घर गेलं. वासे कोसळताना जो आवाज झाला तो मी पुढं नोकरीत शेकडो वेळा ऐकला आणि प्रत्येक वेळी एक क्षण अकरा वर्षांचा झालो.

दुसऱ्या दिवसापासून आजी सूप घेऊन राखेत बसली. तुझ्या आईसारखीच. चुलतकाका म्हणाले, म्हातारीला वेड लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी चार गडी लावून सगळं उचलून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात टाकलं, ‘पोरांनी हे बघायला नको’ म्हणून. हेतू चांगला होता, माझा त्यांच्यावर राग नाही. पण त्या दोन दिवसांत आजीनं विळीचं पातं, दोन कोयते आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण शोधला होता. बाळकृष्ण काळा ठिक्कर पडला होता. पितळ घासायला चिंच आणि राख लागते. चिंच शेजारून आली, राख घरचीच होती. मी बघत होतो, ती घासत होती, आणि घासून झाल्यावर पहिल्यांदा रडली. त्याआधी दोन दिवस तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

म्हणून सांगतो, तुझी आई राखेत बसते ते तिच्या दुःखाचं काम आहे. माणूस गेलं की आपल्याकडे दहावं असतं, तेरावं असतं, भेटायला येणारे असतात, काय बोलायचं तेही ठरलेलं असतं. घर गेलं की यातलं काहीच नसतं. पंचनामा होतो आणि लोक म्हणतात, लागा कामाला.

‘जीव वाचले हे काय कमी आहे’ हे वाक्य खरं आहे, म्हणूनच त्रास देतं. खोटं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं. ते ऐकलं की आई गप्प होते, कारण आता कढईसाठी रडलो तर कृतघ्न ठरू असं तिला वाटतं. तू एक कर. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं की आईच्या देखत सांग, ‘हो, जीव वाचले. आणि घर गेलं.’ दोन्ही वाक्यं लागोपाठ, शांतपणे. ‘पण’ घालू नकोस. आणि जो कुणी वास्तुदोष, साडेसाती, देवाचा कोप असलं काही काढेल त्याला दारातूनच चहा पाजून परत पाठव. फ्रिजच्या मागं धूळ साठते, कॉम्प्रेसर तापतो, उंदीर वायर कुरतडतात, एका एक्स्टेन्शनवर तीन-तीन उपकरणं चालतात. आगी अशा लागतात.

या नुकसानीचं आणखी एक ध्यानात घे. ते एकदम कळत नाही. आग लागली त्या रात्री माणूस म्हणतो ‘सगळं गेलं’, पण ‘सगळं’ म्हणजे काय हे त्याला तेव्हा माहीत नसतं. ते वर्ष-दोन वर्षं सुट्टं सुट्टं कळत राहतं. तुझी आई दिवाळीला भाजणी मळायला घेईल आणि सोऱ्याकडे हात जाईल तेव्हा सोऱ्या नाही हे कळेल. होळीला पुरणयंत्र. पहिल्या पावसात रेनकोट. कुणाचं बारसं निघालं की कपाटातल्या वरच्या खणात ठेवलेली तुझी कुंची. दर वेळी ते ताजं असतं. आठ महिन्यांनी आई एखाद्या चमच्यावरून ढसाढसा रडली तर ‘आता काय मधेच?’ म्हणू नका. तिला तो चमचा त्याच दिवशी गेलेला असतो.

भांड्यांचं सांगतो, कारण हे मी फार घरांत पाहिलंय. आग लागली की नातेवाईक भांडी देतात. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात, कुणाच्या लग्नात कुणाकडून आली ते. आता तुमच्या घरात वाटीवर मावशीचं नाव, ताटावर मामीच्या माहेरचं, डब्यावर कुणा अनोळखी जोडप्याच्या लग्नाची तारीख. आईच्या नावाचं एकही भांडं नाही. जेवताना तिला ते दिसतं, बाकी कुणाला दिसत नाही. एका घरी मी मुलीला सांगितलं, भांड्याच्या दुकानात जा, एक तांब्या घे आणि त्यावर आईचं नाव घालून आण. दुकानदार ते मशिन फिरवून दोन मिनिटांत घालून देतो. तिनं आणला. तिच्या आईनं तो महिनाभर वापरला नाही, नुसता समोर ठेवला होता. मला तो औषधापेक्षा कमी वाटत नाही.

आता राख चाळण्याबद्दल. आईला ते करू द्यायचं म्हणजे एकटीला, कशीही, अनवाणी नव्हे. पाच आठवडे झालेत, तरी भिंती पाणी प्यायल्यात आणि तापून सुटल्यात. आधी एखाद्या जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनियरला घेऊन जा, कुठली भिंत कलली आहे, कुठला लोखंडी अँगल लोंबतोय ते बघू दे. तिथं दोरी बांधा आणि दोरीच्या पलीकडे जायचं नाही. वीज खांबावरून तोडली आहे याची महावितरणच्या माणसाकडून खात्री करून घ्या. पायात जाड तळाचे बूट, हातात चामड्याचे नाहीतर जाड रबरी मोजे, तोंडाला एन-९५ मास्क. साधा रुमाल उपयोगाचा नाही. प्लास्टिक, फोम, रंग, वायरी जळून झालेली ती राख आहे, चुलीतली नव्हे. चाळण्याआधी झारीनं हलकं पाणी शिंपडायचं म्हणजे उडत नाही. छपराला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांच्या तुकड्यांना हात लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याचे बारीक तंतू फुप्फुसाला घातक. ते काम माहीतगार माणसाकडून करून घ्या. दिवसाला दोन तास, सकाळचे, आणि बरोबर कायम दुसरं कुणीतरी.

शोधायचं कसं, ते आमच्या पद्धतीनं सांगतो. धुरानं भरलेल्या खोलीत आम्ही माणूस शोधतो तेव्हा दारातून आत शिरून एक हात भिंतीला ठेवतो आणि भिंत न सोडता पूर्ण फेरी मारून परत दाराशी येतो. आईला हेच शिकव. दारापासून सुरुवात, उजव्या हाताची भिंत, दीड-दोन हाताचा पट्टा. एक पट्टा पूर्ण झाला की तिथं विटेचा तुकडा ठेवायचा. आत्ता ती जिथं आठवण येते तिथं उकरते, म्हणून ते संपत नाही आणि उद्या परत तीच जागा उकरावीशी वाटते. पट्टे पाडले की त्याला शेवट येतो. शेवटचा पट्टा झाला की ती आपणहून उठेल. बहुतेक बायका उठतात, मी पाहिलंय.

काय सापडू शकतं याचा अंदाजही तिला दे, म्हणजे खोटी आशा राहणार नाही आणि खरी सुटणार नाही. बंद खोलीत आग वाढली की छताखालचा धूर सहाशे अंशांच्या आसपास पोचतो आणि मग खोलीतलं सगळं जवळजवळ एकदम पेट घेतं. धग वरून खाली येते. त्यामुळं फळीवरचं, भिंतीवरचं, कपाटाच्या वरच्या खणातलं आधी जातं. जमिनीलगतचं, खाली दबलेलं, बंद खणात तळाशी असलेलं बऱ्याचदा राहतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणून पातेल्यांचं फरशीवर चकचकीत थारोळं झालेलं दिसेल, जिभेच्या आकाराचं, खालून फरशीच्या रेघा उमटलेलं. तांबं १०८५ ला वितळतं, सोनं १०६४ ला आणि बावीस कॅरेटचं त्याच्या थोडं आधी. म्हणजे दागिना वाकेल, काळा पडेल, फार तर त्याची गोळी होईल, पण सोनं कुठं जात नाही. काळी गोळी मिळाली तर फेकू नका, सराफाकडे न्या. आणि कागद. सुटा कागद क्षणात जातो, पण गठ्ठ्यातला नाही. घट्ट दाबलेल्या वह्या, फायली, अल्बम यांच्या आत हवा नसते, म्हणून कडा जळतात आणि मधला भाग पिवळट होऊन शिल्लक राहतो. असा गठ्ठा मिळाला तर तिथंच उघडू नका. आहे तसा पुठ्ठ्यावर सरकवून घरी आणा.

फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. अजून ओलसर असतील तर स्वच्छ थंड पाण्यात ठेवून आपणहून सुटू द्यावेत आणि सावलीत उताणे वाळवावेत. लगेच जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तरी चालतात, नंतर सवडीनं बघता येतं. काजळी ओल्या फडक्यानं पुसायची नाही, ती आत मुरते. मऊ कोरड्या ब्रशनं झटकायची.

नोटा सापडल्या तर आणखी एक. थोडी फाटकी नोट बँकेत बदलून मिळते. पण जळून करपलेल्या, हात लावला की मोडणाऱ्या किंवा गठ्ठा होऊन बसलेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात न्याव्या लागतात, आपल्या राज्यात मुंबईला किंवा नागपूरला. तिथं वेगळ्या पद्धतीनं तपासून ठरवतात. नोटा सुट्ट्या करायला, सरळ करायला जाऊ नका. ज्या डब्यात आहेत त्या डब्यासकट, कापूस लावून न्या.

जेसीबी थांबवायचं दुसरंही कारण आहे. घरकर्ज घेतलं होतं का, ते बाबांना विचार. कर्ज देताना बँका बऱ्याचदा घराचा आगीचा विमा काढायला लावतात आणि हप्ता कर्जातच धरला असला तर घरच्यांच्या तो लक्षातही राहत नाही. बँकेत जाऊन कर्जाची फाईल बघायला लाव. विमा निघाला तर त्याच दिवशी लेखी कळवा, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत जागेवरचं काही हलवू नका. आईनं शोधून काढलेल्या वस्तूही जागच्या फोटोसकट ठेवा. अग्निशमन दलाचा अहवाल आणि पंचनाम्याची प्रत नसेल तर दोन्ही मागून घ्या. पुढं प्रत्येक खिडकीवर तेच विचारतात. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या आपत्तींच्या यादीत आहे, म्हणून तहसील कार्यालयात अर्ज जरूर करा, तलाठ्याला भेटा. हाती किती पडेल यावर विसंबू नका, पण अर्ज न करणाऱ्याला काहीच मिळत नाही.

कागदपत्रांचं बाबांना फार भय वाटत असेल, पण यातलं जवळजवळ सगळं परत मिळतं. आधी पोलीस ठाण्यात जळालेल्या कागदांची यादी देऊन नोंद करा. खरेदीखताची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात असते, ती मिळते. आधार, पॅन पुन्हा छापून येतं. दहावी-बारावीचं गुणपत्रक शाळेमार्फत बोर्डाच्या नाशिक विभागीय मंडळातून दुसरं काढता येतं, आणि डिजिलॉकरवरही बघ. हे काम तू अंगावर घे. एका आठवड्यात एकच कागद, जास्त नाही.

आता बाबा. सगळ्यात जास्त लक्ष त्यांच्याकडे दे. तू लिहिलंयस की ते बोलत नाहीत, आणि मध्येच एका ओळीत लिहिलंयस की फ्रिजचं एक्स्टेन्शन त्यांनीच लावलं होतं. ती ओळ मी तीनदा वाचली. आमच्या अहवालात कारणाच्या रकान्यात ‘विद्युत बिघाड’ असे दोन शब्द लिहितात. घरातलं माणूस त्या दोन शब्दांपुढं मनातल्या मनात एक नाव लिहितं, बहुतेक वेळा स्वतःचं. माझ्या वडिलांनी लिहिलं होतं. पेंढा त्यांनी रचला होता. नवं घर झाल्यावर ते रोज रात्री सगळे झोपले की उठायचे आणि चुलीवर तांब्याभर पाणी ओतायचे. सकाळी आईला ओली चूल मिळायची. मातीची चूल पाण्यानं तडकते, ती दर चार दिवसांनी लिंपायची आणि रोज वाद व्हायचा. वीस-बावीस वर्षं हे चाललं. आईला वाटायचं हा विक्षिप्तपणा आहे. ते काय होतं हे मला दलात लागल्यावर समजलं, आणि समजल्यावरही मी त्यांच्याशी बोललो नाही. ती माझी चूक झाली. तू करू नकोस.

बाबांना ‘तुमची चूक नाही’ एवढंच म्हणून भागणार नाही, ते ऐकणार नाहीत. त्यांना काय झालं ते पूर्ण सांगू दे. दोघंच बाहेर चालायला जा, समोरासमोर बसू नका, शेजारी-शेजारी चाला. विचार, ‘बाबा, तुम्हाला आधी काय दिसलं?’ मग गप्प राहा. ‘एक्स्टेन्शन मी लावलं’ असं ते म्हणाले तर लगेच खोडू नकोस. ‘हो, तुम्ही लावलं. सगळ्यांच्या घरी असतं. आणि आम्हाला हाका मारून बाहेर तुम्हीच काढलंत’ असं म्हण. चौघं रात्री अडीच वाजता झोपेतून उठून बाहेर आलात, ही लहान गोष्ट नाही. घराच्या आगीत माणसं ज्वाळेपेक्षा धुरानं जास्त जातात, आणि पुष्कळदा झोपेतच. ते बोलायला तयार नसतील तर खणत बसू नकोस. जबरदस्तीनं बोलतं केल्यानं उपयोग होत नाही, उलट त्रास वाढतो. चालायला मात्र रोज ने.

भावाचं तुलनेनं सोपं आहे. त्याला ‘काही होत नाही, झोप’ म्हणू नका, कारण झालंय. मामींना विनंती कर, रात्री साडेनऊला रेग्युलेटर त्याच्या हातानं बंद करू द्या. त्याने मोठ्यांदा म्हणायचं, ‘बंद केला’, आणि तू म्हणायचं, ‘मी पाहिला’. मग रात्रीत उठला तर त्याला आठवण करून द्यायची की दोघांनी पाहिलाय. मामांच्या घरातून बाहेर पडायचे दोन रस्ते त्याच्याकडून कागदावर काढून घे, बाहेर कुठल्या झाडाखाली जमायचं ते त्यालाच ठरवू दे आणि एका रविवारी सगळ्यांनी तसं बाहेर पडून बघा. हजार-दोन हजारात धुराचा अलार्म मिळतो, तो त्याच्या हातानं लावा आणि महिन्याला एकदा बटण दाबून त्यानंच तपासायचा. भीतीला हाताशी काम मिळालं की ती झोपू देते. तो आगीचे खेळ खेळला, बंबाची चित्रं काढत राहिला तर काळजी करू नका, मुलं असंच पचवतात. अंथरूण ओलं केलं तर रागावू नका.

महिना उलटून गेलाय, म्हणून हेही सांगतो. झोप अजून लागत नसेल, जळक्या वासानं किंवा फटाक्याच्या आवाजानं कुणी थरथरत असेल, ती रात्र डोळ्यांपुढं पुन्हा जशीच्या तशी घडत असेल, जेवण सुटलं असेल, किंवा बाबांच्या तोंडून ‘मीच राहायला हवं होतं आत’ असं काही निघालं, तर थांबू नका. शासनाची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत, रात्रंदिवस चालू आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही जाता येईल. शेवटचं वाक्य निघालं तर त्याच दिवशी जा. यात कमीपणा काही नाही. आमच्या दलातले धिप्पाड जवान मी स्वतः घेऊन गेलोय, आणि एकदा मीही गेलोय.

तारखांना जपा. दलात दर १४ एप्रिलला आम्ही १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांसाठी उभे राहतो. इतकी वर्षं झाली तरी त्या सकाळी स्टेशनवर आवाज खाली येतात. तुमच्या घरालाही आता अशी एक तारीख आहे. पुढच्या वर्षी ती जवळ येईल तसे सगळे चिडचिडे होतील आणि कारण कळणार नाही. तेव्हा तूच आधी म्हण, ‘आठवडाभरात तारीख येतेय.’ त्या दिवशी चौघांनी एकत्र जेवा.

राहिले फोटो. जे राखेत मिळणार नाहीत ते लोकांच्या घरात आहेत. तुमच्या घरात झालेल्या प्रत्येक कार्याला कुणी ना कुणी आलं होतं आणि प्रत्येकाच्या अल्बममध्ये तुमच्या घराचा एखादा कोपरा आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिही: ‘आमचे फोटो नकोत, आमच्या घरात काढलेले तुमचे फोटो पाठवा.’ मला हे फार उशिरा सुचलं. २००८ मध्ये आतेबहिणीच्या घरी तिच्या आईच्या लग्नाचा एक काळा-पांढरा फोटो पाहिला. नवरा-नवरीच्या मागं आमची पडवी होती. खांबाला टांगलेली इरली, उंबऱ्याशी पालथा घातलेला पाण्याचा हंडा, आणि अर्धं दार. बत्तीस वर्षांनी मी आमचं दार पाहिलं. त्याचा रंग निळा असावा असं मला आठवत होतं, फोटोवरून ते ठरवता येत नव्हतं. मोठ्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, हिरवा. आम्ही अर्धा तास त्यावर बोललो.

उद्या सकाळी आईबरोबर तू जा. झारी, दोन मास्क, मोजे, एक वही, पेन्सिल, पाण्याची बाटली. सापडेल ते वहीत लिही, आणि सापडलं नाही पण आईला आठवलं तेही शेजारच्या रकान्यात लिही. विम्याला ती यादी लागेलच, तुम्हालाही लागेल. चाळण गव्हाची घे, पिठाची नको. पिठाच्या चाळणीची भोकं ओल्या राखेनं बुजतात आणि गव्हाच्या चाळणीत कानातलं अडकतं.